कफाची ग्रंथि कीं पीयूषाची?

वैद्यकाच्या इतिहासांत कांहीं रोग असे आढळतात कीं ते आपण होऊनच आपली ओळख पटवितात. देवीचे फोड, पटकीची वांति, प्लेगची गांठ हीं लक्षणें ओळखावयास फारसें पांडित्य लागत नसे. घरांतील वडीलधारी स्त्रीहि तें काम करीत असे. उलटपक्षीं कांहीं रोगांचें स्वरूपच असें असतें कीं, त्यांत नवें असें कांहींच उत्पन्न होत नाहीं. पूर्वीं जें होतें तें हळूहळू मावळत जातें, इतकेंच. दुखत नाहीं, खुपत नाहीं, ताप नाहीं, सूज नाहीं. मनुष्य नुसता विझत जातो. आणि भोंवतालचीं माणसें त्या स्थितीस आळस, अशक्तपणा किंवा अकालीं आलेलें म्हातारपण यांपैकीं एखादें नांव देऊन स्वस्थ बसतात. मेंदूच्या तळाशीं असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीचें कार्य मंदावणें हा या दुसऱ्या वर्गांतील रोग होय. तो ओळखण्याची विद्या मनुष्यजातीस किती उशिरां आणि किती चुकतमाकत साध्य झाली, याचा वृत्तांत जितका उद्बोधक तितकाच अंतर्मुख करणाराहि आहे.

प्रथम या ग्रंथीचा अल्प परिचय करून घेणें इष्ट होय. ती आकारानें वाटाण्याएवढी असून तिचें वजन सुमारें अर्धा ग्रॅम भरतें. नाकाच्या मुळामागें, कवटीच्या तळच्या हाडांत एक खळगा आहे. त्याच्या आकारावरून शारीरज्ञांनीं त्यास 'तुर्की खोगीर' असें नांव दिलें आहे. त्या खोगिरांत ही ग्रंथि बसलेली असते व एका नाजूक देंठानें मेंदूस जोडलेली असते. तिच्या पुढच्या भागांतून जे स्राव रक्तांत मिसळतात त्यांपैकीं एक मुलांची वाढ करितो, एक गळ्यांतील थायरॉइड ग्रंथीस कामास लावितो, एक मूत्रपिंडांवरील ॲड्रिनल ग्रंथींस जागें ठेवितो, दोन स्त्रीपुरुषांच्या जननग्रंथींचें नियमन करितात आणि एक प्रसूतेच्या स्तनांत दूध आणितो. मागच्या भागाकडे शरीरांतील पाण्याचा तोल राखण्याचें काम आहे. एवढा मोठा कारभार एवढ्याशा पिंडाकडे असेल, अशी शंकाहि प्राचीनांस आली नाहीं.

प्राचीनांची कल्पना अगदींच निराळी होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतील गेलन या वैद्याचार्याच्या मतें मेंदूंत सांठणारा मल कफरूपानें या ग्रंथींत उतरतो व तेथून नाकाघशाच्या वाटेनें बाहेर पडतो. लॅटिन भाषेंत 'पिट्युइटा' म्हणजे कफ. त्यावरून या ग्रंथीस तें नांव मिळालें. इ. स. १५४३ मध्यें व्हेसेलियसनें आपल्या शारीरविषयक महाग्रंथांत गेलनच्या अनेक प्रमादांवर कोरडे ओढले. परंतु या ठिकाणीं मात्र त्यानेंहि गेलनचीच री ओढली. सतराव्या शतकांत विटेनबर्गच्या श्नायडरनें व इंग्लंडांतील रिचर्ड लोअरनें दाखवून दिलें कीं, नाकांतील शेंबूड हा नाकाच्या अस्तरत्वचेंतच तयार होतो. मेंदूंतून नाकांत उतरण्यास त्यास वाटच नाहीं. झालें! ग्रंथीचें एकुलतें एक मानलेलें काम तिच्याकडून काढून घेण्यांत आलें. नांव तेवढें राहिलें. पुढें जवळजवळ दोनशें वर्षें ही ग्रंथि निरुपयोगी अवशेषासारखी उपेक्षित पडून होती.

येथें आपल्या भाषेंतील एका योगायोगाचा उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. मराठी पाठ्यपुस्तकांतून या ग्रंथीस 'पीयूषिका' असें म्हणतात. तें नांव बहुधा ध्वनिसाम्यावरून सुचलेलें असावें. परंतु पीयूष म्हणजे केवळ अमृत नव्हे. नुकत्याच व्यालेल्या गाईचें पहिलें दूध, ज्याचा आपल्याकडे खरवस करितात तो चीक, हाहि संस्कृतांत या शब्दाचा अर्थ आहे. ज्या ग्रंथीस युरोपानें कफाचें नांव दिलें, तिला आपण अजाणतां पहिल्या दुधाचें नांव दिलें. आणि हें दुसरें नांव किती यथार्थ आहे, तें पुढें दिसून येईल.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या ग्रंथीकडे पुन्हां लक्ष गेलें तें तिच्या न्यूनतेमुळें नव्हे, तर अतिरेकामुळें. इ. स. १८८६ मध्यें पॅरिसच्या पिएर मारी यानें हातपाय, जबडा व नाक अवाढव्य वाढलेल्या रोग्यांचें वर्णन केलें व त्या व्याधीस 'ॲक्रोमेगली' असें नांव दिलें. अशा रोग्यांत पिट्युइटरी ग्रंथि सुजलेली आढळे. मौज अशी कीं, ही सूज ग्रंथीच्या नाशाची खूण समजावी कीं तिच्या अतिकार्याची, याविषयींच बराच काळ वाद चालला. इ. स. १९०१ मध्यें व्हिएन्नाच्या फ्रोलिख यानें याच ग्रंथीच्या परिसरांत गांठ झालेल्या, पण ॲक्रोमेगलीचें चिन्हहि नसलेल्या एका मुलाची हकीगत प्रसिद्ध केली. तो मुलगा स्थूल झाला होता व त्याच्यांत तारुण्याचीं लक्षणें प्रकट होत नव्हतीं. एकाच जागच्या गांठीनें दोन परस्परविरुद्ध चित्रें निर्माण व्हावीं, याचा अर्थ काय?

हा गुंता उकलण्याचें पुष्कळसें श्रेय हार्वे कुशिंग या अमेरिकन शस्त्रवैद्यास दिलें पाहिजे. बुखारेस्टच्या पाउलेस्कूनें कुत्र्यांची ही ग्रंथि काढून टाकण्याचे प्रयोग केले होते. कुशिंग व त्याचे सहकारी यांनीं बाल्टिमोर येथें तेच प्रयोग पुढें चालविले. इ. स. १९०९ च्या आपल्या निबंधांत कुशिंगनें रोग्यांची स्पष्ट विभागणी केली. एका बाजूस ग्रंथीचा अतिरेक, दुसऱ्या बाजूस तिची न्यूनता. या न्यूनतेस त्यानें जें 'हायपोपिट्युइटरिझम्' हें नांव योजिलें तेंच आजहि रूढ आहे. तीन वर्षांनीं, १९१२ मध्यें, त्याचा या विषयावरील ग्रंथ निघाला. परंतु कुशिंगपुढें येणारे बहुतेक रोगी गांठीचे होते. त्यांचें डोकें दुखे, दृष्टि अधू होई. ज्यांस गांठ नाहीं, वेदना नाहीं, असे रोगी त्याच्या दारापर्यंत पोंचणार कसे?

असे रोगी प्रथम भेटले ते शवविच्छेदनाच्या मेजावर. क्रॅको येथील ग्लिन्स्की यानें इ. स. १९१३ मध्यें बाळंतपणानंतर मरण पावलेल्या स्त्रियांत या ग्रंथीचा नाश झालेला पाहिला. पण त्याचा लेख पोलिश भाषेंत होता, म्हणून तो फारसा कोणी वाचला नाहीं. पुढच्याच वर्षीं हँबुर्गच्या मॉरिस सिमंड्सनें जर्मन भाषेंत एका स्त्रीची हकीगत प्रसिद्ध केली. मृत्युसमयीं तिचें वय ४६ वर्षांचें होतें. अकरा वर्षांपूर्वीं बाळंतपणांत तिला भयंकर सूतिकाज्वर झाला होता. त्यांतून ती वांचली खरी. पण तेव्हांपासून तिचा विटाळ बंद झाला, अंगांतील त्राण गेलें, ती अकालीं वृद्ध दिसूं लागली आणि शेवटीं बेशुद्धींत तिचा अंत झाला. सिमंड्सनें पाहिलें तों तिची पिट्युइटरी ग्रंथि सुकून गेलेली होती. अकरा वर्षें ही स्त्री लोकांच्या डोळ्यांदेखत त्या रोगानें पछाडलेली होती, आणि तिच्या हयातींत त्यास नांवहि मिळालें नाहीं.

सिमंड्सचा शोध मोलाचा होता. पण त्यांतूनच एक नवा भ्रम जन्मास आला. या रोगांत शरीर झडून अस्थिपंजर उरतो, अशी समजूत रूढ झाली व 'सिमंड्सचा क्षय' हा शब्दप्रयोग वैद्यकग्रंथांत शिरला. परिणाम दुहेरी झाला. मानसिक कारणानें अन्न टाकून कृश झालेल्या तरुण मुलींस ग्रंथिरोग झाल्याचें निदान होऊं लागलें; वस्तुतः त्यांची ती व्याधि लंडनच्या विल्यम गल यानें पूर्वींच वर्णिली होती. आणि ज्यांची ग्रंथि खरोखरीच नष्ट झाली होती, पण ज्या कृश नव्हत्या, त्या स्त्रिया निदानावांचून घरींच राहिल्या. पुस्तकांतील चित्राशीं न जुळणारा रोगी हा रोगीच नव्हे, असा हा न्याय!

हा भ्रम दूर केला हॅरोल्ड शीहान या इंग्रज विकृतिशास्त्रज्ञानें. ग्लासगोच्या प्रसूतिरुग्णालयांत काम करीत असतां, बाळंतपणानंतर दगावलेल्या स्त्रियांचीं शवविच्छेदनें तो अत्यंत बारकाईनें करी. इ. स. १९३७ मध्यें त्यानें दाखवून दिलें कीं, ग्रंथीच्या या नाशाचें मूळ सूतिकाज्वरांत नसून प्रसूतीच्या वेळच्या भयंकर रक्तस्रावांत आहे. गरोदरपणांत ही ग्रंथि बरीच वाढते, पण तिला मिळणारें रक्त कमी दाबाच्या नाजूक वाहिन्यांतून येतें. रक्तस्रावानें स्त्रीची नाडी बुडाली कीं या वाढलेल्या ग्रंथीचा रक्तपुरवठा तुटतो व कांहीं तासांतच तिचा मोठा भाग मरतो.

शीहानची खरी थोरवी मात्र यापुढील पावलांत आहे. तो मृतांवर थांबला नाहीं. पूर्वीं अशा रक्तस्रावांतून वांचलेल्या स्त्रियांस त्यानें व त्याच्या सहकाऱ्यानें शोधून काढलें व त्यांची विचारपूस केली. १९३८ व १९३९ च्या त्यांच्या निबंधांतून या रोगाचें जिवंत चित्र प्रथम उभें राहिलें. पुढें १९४९ मध्यें शीहान व समर्स यांनीं विस्तृत समालोचन करून, अस्थिपंजर होणें हें या रोगाचें लक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला.

तें चित्र वाचकांनीं नीट ध्यानांत घ्यावें. बाळंतपणांत अतोनात रक्त गेलेलें असतें. त्यानंतर पहिली गोष्ट घडते ती अशी कीं, आईस दूधच येत नाहीं. पुढें विटाळ परत येत नाहीं किंवा अगदीं क्वचित् येतो. कांखेंतील व गुह्यांगावरील केस झडतात. बोटें व चेहरा मेणासारखा फिकट होतो. डोळ्यांभोंवतीं व तोंडाभोंवतीं बारीक सुरकुत्या पडतात. थंडी सोसत नाहीं, बोलणें संथ होतें, उत्साह मावळतो, कामवासना नष्ट होते. रक्तदाब उतरतो, उपाशी राहिल्यास रक्तांतील साखर व कालांतरानें सोडियम हीं घसरतात. अशा स्थितींत ती दहा-दहा वर्षेंहि रेटते. परंतु एखादा साधा ताप, जुलाब किंवा शस्त्रक्रिया झाली कीं ती एकाएकीं कोसळते. कारण संकटसमयीं शरीरास तारणारा ॲड्रिनल ग्रंथींचा स्राव तिच्याजवळ नसतो. आतां पीयूषिका हें नांव किती समर्पक ठरलें पाहा! ग्रंथि मेल्याची पहिली वार्ता पहिलें दूधच आणितें. किंबहुना, तें न येऊन आणितें.

लक्षणें कळलीं, तरी रक्त तपासून निदान सिद्ध करण्याचें साधन अद्याप हातीं यावयाचें होतें. त्याची पूर्वतयारी प्रयोगशाळांतून चालली होती. फिलिप स्मिथ या अमेरिकन शास्त्रज्ञानें उंदरांची ही ग्रंथि मेंदूस धक्का न लावतां काढण्याची रीति बसविली व १९३० मध्यें दाखविलें कीं, ती काढतांच वाढ थांबते आणि थायरॉइड, ॲड्रिनल व जननग्रंथि सुकतात. पण पिट्युइटरीचे तुकडे रोज टोंचून घातल्यास त्या पुन्हां सजीव होतात. अर्जेंटिनाच्या हौसाय यानें ही ग्रंथि काढलेले कुत्रे इन्शुलिनच्या अल्प मात्रेनेंहि गलितगात्र होतात हें दाखविलें. त्यास १९४७ मध्यें नोबेल पारितोषिक मिळालें. जेफ्री हॅरिसनें सिद्ध केलें कीं, ही ग्रंथिहि स्वतंत्र नाहीं. मेंदू तिला सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रासायनिक आज्ञा धाडतो. त्या आज्ञांची रासायनिक ओळख पटविणारे गिल्मँ व शाली यांचा १९७७ च्या नोबेल पारितोषिकानें गौरव झाला. त्याच वर्षीं त्या पारितोषिकाचा दुसरा अर्धा वांटा रोझॅलिन यॅलो या विदुषीस मिळाला. तिनें व सॉलोमन बर्सननें इ. स. १९६० च्या सुमारास किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्यानें रक्तांतील अत्यल्प स्राव मोजण्याची जी रीति काढली, तिच्यामुळें वैद्यांस जणूं नवे डोळेच लाभले. दुर्दैवानें बर्सन तत्पूर्वींच, १९७२ मध्यें, निवर्तला होता.

मापन साधलें म्हणून निदान आपोआप होतें असें मात्र नव्हे, आणि येथेंच या विषयांतील खरी बौद्धिक मौज आहे. आपल्या भाट्ट मीमांसकांनीं व वेदान्त्यांनीं 'अनुपलब्धि' नांवाचें एक प्रमाण मानिलें आहे. जमिनीवर घट नाहीं हें ज्ञान आपणांस घट न दिसण्यावरून होतें. पण त्यास त्यांनीं एक अट घातली: घट असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिति पाहिजे. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं, यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. पिट्युइटरीच्या न्यूनतेचें निदान हें या प्रमाणाचें उत्कृष्ट उदाहरण होय. थायरॉइड ग्रंथि स्वतःच बिघडली, तर तिला हांकणारा पिट्युइटरीचा टी. एस. एच. हा स्राव रक्तांत पुष्कळ वाढतो; धनी आळशी नोकरावर ओरडावा तसा. परंतु थायरॉइडचा स्राव कमी असूनहि टी. एस. एच. वाढलेला नसेल, तर धनीच मुका झाला आहे असें समजावें. म्हणून केवळ टी. एस. एच. तपासून तो 'ठीक आहे' असा शेरा मिळाला, तर हा रोग हातचा निसटतो. थायरॉइडचा प्रत्यक्ष स्रावहि त्याबरोबर मोजावा लागतो. हाच न्याय विटाळ गेलेल्या वृद्ध स्त्रीस लागू पडतो. त्या वयांत जननग्रंथींस हांकणारे स्राव चढलेले असावयास पाहिजेत. ते उतरलेले आढळणें हाच पुरावा.

ॲड्रिनलची परीक्षा सर्वांत महत्त्वाची, कारण प्राण तेथें गुंतलेला असतो. सकाळीं आठच्या सुमारास रक्तांतील कॉर्टिसॉल पाहतात. दर शंभर मिलिलिटरांत तें ३ मायक्रोग्रॅमच्या खालीं असल्यास न्यूनता बहुधा निश्चित, १५ च्या वर असल्यास बहुधा नाहीं. मधल्यांस उत्तेजक परीक्षा द्यावी लागते. हौसायच्या कुत्र्यांची आठवण देणारी इन्शुलिनची परीक्षा अद्यापहि कसोटी मानली जाते: साखर ४० मिलिग्रॅमच्या खालीं उतरवून ग्रंथि जागी होते कीं नाहीं हें पाहतात. अपस्माराच्या किंवा हृदयविकाराच्या रोग्यास मात्र ती वर्ज्य होय. प्रसंगीं चुंबकीय प्रतिमेंत तुर्की खोगीर जवळजवळ रिकामें दिसतें, तेव्हां सिमंड्सनें मेजावर पाहिलेलें दृश्य आज जिवंत माणसांत, कातडीस ओरखडाहि न काढतां पाहावयास मिळतें.

उपचाराचा इतिहासहि असाच सावधगिरी शिकविणारा आहे. थायरॉइडच्या न्यूनतेवर मेंढीच्या ग्रंथीचा अर्क देण्याची युक्ति १८९१ पासून ठाऊक होती. परंतु या रोग्यांस नुसता तोच दिल्यानें शरीराची कॉर्टिसॉलची गरज वाढते आणि बरा होण्याऐवजीं रोगी प्राणसंकटांत सांपडतो. १९४९ च्या सुमारास कॉर्टिसोन उपलब्ध झालें, तेव्हां क्रम निश्चित झाला: आधीं ॲड्रिनलचा स्राव, मग थायरॉइडचा. ठेंगण्या मुलांसाठीं मृतांच्या ग्रंथींतून वाढीचा स्राव काढून देण्यास १९५८ च्या सुमारास आरंभ झाला. परंतु त्यांतून मेंदूचा एक असाध्य रोग संक्रांत होतो हें १९८५ मध्यें उघडकीस आलें व त्याच वर्षीं जीवाणूंकडून तयार करविलेला निर्दोष स्राव त्याच्या जागीं आला. आज हा रोग समूळ बरा करतां येत नसला, तरी रोज कांहीं गोळ्या घेऊन व तापांत कॉर्टिसॉलची मात्रा वाढवून रोगी बहुतांशीं आपलें नित्याचें आयुष्य जगूं शकतो. अर्थात् रोग ओळखला गेला तर.

पाश्चात्त्य देशांत रक्तपेढ्या व प्रसूतिगृहें वाढल्यावर शीहानचा रोग विरळ झाला; तेथें आज गांठी, त्यांवरील शस्त्रक्रिया व किरणोपचार, डोक्यास झालेली इजा हीं कारणें पुढें आलीं आहेत. आपल्या देशाची गोष्ट निराळी. काश्मीर खोऱ्यांतील जी पाहणी २००५ मध्यें प्रसिद्ध झाली, तींत वीस वर्षांवरील प्रसूत स्त्रियांत या रोगाचें प्रमाण शेंकडा सुमारें तीन असावें असा अंदाज निघाला. त्यांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रिया घरींच बाळंत झाल्या होत्या. आणखी एक कारण तर आपल्या शेताच्या बांधावरच आहे. घोणस चावून जगलेल्या कांहीं रोग्यांची हीच ग्रंथि मरते, हें ब्रह्मदेशांतील वैद्यांनीं १९८७ मध्यें दाखवून दिलें. रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवून हें विष प्रसूतीच्या रक्तस्रावासारखाच घात करितें. आपल्या महाराष्ट्रांत घोणस सर्वपरिचित आहे. तिच्या दंशांतून वांचलेला शेतकरी पुढें सुस्त झाला, त्याची दाढी विरळ झाली, तर तो भित्रा किंवा आळशी झाला असें म्हणण्यापूर्वीं त्याचें रक्त तपासविणें शहाणपणाचें होय.

'बाळंतरोग' हा शब्द आपल्या घराघरांत पिढ्यान् पिढ्या वापरला गेला आहे. त्या एका शब्दाखालीं किती निरनिराळ्या व्याधि गाडल्या गेल्या असतील, आणि 'पहिल्या बाळंतपणापासून हिची तब्येत अशीच' या एका वाक्यावर किती सुनांचें उभें आयुष्य सरलें असेल! त्यांत कुणाचा दुष्टावा होता असें नाहीं. नाहींशा झालेल्या गोष्टी मोजण्याची संवय मनुष्यास स्वभावतःच कमी. परंतु आतां ही सबब चालणार नाहीं. या रोगाची चाहूल घ्यावयास यॅलोबाईंचें यंत्र नंतर लागतें. आधीं लागतात ते दोन-तीन प्रश्न. बाळंतपणांत रक्त फार गेलें होतें काय? मुलास अंगावर दूध मिळालें काय? त्यानंतर विटाळ आला काय? शीहानचें निम्मे कार्य अशाच विचारपुशीनें झालें. हे प्रश्न वैद्यानें विचारावे हें तर खरेंच. पण बरीच वर्षें थकलेली ती स्त्री वैद्याकडे जाणार कशी, जर घरांतल्या कोणी ते आधीं विचारलेच नाहींत?